जरा इकडं वळा

दहा नंबरची फाईल म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातल्या नळीत आम्ही जी बारीक सुई घालतो ना, ती फाईल. दहा नंबर म्हणजे टोकाला जाडी ०.१० मिलिमीटर. एकदा ती दातात शिरली की डोळ्याला दिसत नाही, फक्त बोटांना कळते. नळी कुठं वळली, कुठं अडलं, कुठं खरखर लागली, कुठं मऊ लागलं, सगळं अंगठा आणि पहिलं बोट यांच्या पेरांत. बावीस वर्षं झाली, माझं घर त्या दोन पेरांवर चाललंय.

तर दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. सोयाबीन निघालेलं, आडतीवरून पट्टी लोकांच्या हातात आलेली, म्हणजे आमचा सीझन. लातूरच्या डेंटिस्टला कधीही विचारा, त्याला सोयाबीनचा भाव पाठ असतो. संध्याकाळचे साडेसात वाजलेले, बाहेर सहा जण बसलेले आणि आत वरच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल चाललेलं. फाईल धरली, आत घातली, फिरवली, आणि मला काही कळेचना. फाईल आत आहे का बाहेर, अडली का सुटली, काहीच नाही. तेवढ्यात आमच्या असिस्टंट ताई हळूच म्हणल्या, "मॅडम, फाईल खाली पडली." बघते तर खरंच पेशंटच्या छातीवरच्या नॅपकिनवर फाईल पडलेली आणि मी रिकामी बोटं फिरवत बसलेली.

पहिला विचार काय आला असेल? चुकून आपल्याच बोटाला भुलीचं इंजेक्शन टोचलं की काय! ग्लोव्ह काढून बोट उलटंपालटं करून बघितलं, खूण कुठं नाही. अंगठा बधिर, पहिलं बोट बधिर, बाकीची तीन बोटं ठणठणीत. पेशंटला म्हणलं आज आत औषध ठेवते, पुढच्या आठवड्यात या. तो उदगीरहून आलेला, तोंड वाकडं करून म्हणला, "आजच उरकलं असतं तर लई बरं झालं असतं." आता त्याला काय सांगू.

मान दुखणं तसं नवीन नव्हतं. दहाबारा वर्षं तरी दुखत होती, पण मी त्याला दुखणं म्हणतच नव्हते, 'अवघडलंय' म्हणायचे. गाडी मागं घेताना मान वळत नाही, मग अख्खं धड वळवायचं, त्यात काय एवढं. रात्री उजव्या खांद्याच्या पात्याखाली कुणीतरी अंगठा रोवून बसल्यासारखं वाटायचं. उशी बदलली, मग उशीच काढून टाकली, मग परत आणली. बाम तर इतका लावला की मुलगी म्हणायची, आई तू आलीस की आधी वास येतो. सासूबाईंनी एरंडाची पानं गरम करून बांधली, तव्यावर मिठाची पुरचुंडी शेकून दिली. आणि एकदा तर गावाकडं एका पायाळू बाईकडं नेलं. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस, त्यानं पाठीला पाय लावला की उसण जाते असं आमच्याकडं म्हणतात, आणि म्हणतात म्हणजे खरंच मानतात. मी बीडीएस झालेली बाई सतरंजीवर पालथी पडले आणि त्या माऊलीनं तीन वेळा हळूच पाय मारला. उसण गेली की! दोन दिवस चक्क गेली. नंतर लक्षात आलं की ते दोन दिवस नणंदेच्या घरी लग्न होतं आणि क्लिनिक बंद होतं.

आमचं वाकणं सुरू होतं कॉलेजात. दुसऱ्या वर्षाला फॅन्टम हेड असतं, म्हणजे टेबलाला नटबोल्टनं आवळलेलं एक डोकं, त्याला रबराचे गाल आणि जबड्यात बसवलेले दात. त्या तोंडात वाकून आम्ही कॅव्हिटी कोरायचो. सर यायचे, एक्सप्लोररनं, म्हणजे तपासायच्या टोकदार हत्यारानं, कॅव्हिटीची भिंत चाचपायचे, तळ सपाट नाही, परत कर. अर्ध्या मिलिमीटरवरून बोलणी खाल्लीत मी. पण ते कोरताना माझी हनुवटी छातीला टेकलीय, डावा खांदा कानाला लागलाय, हे पाच वर्षांत एकालाही दिसलं नाही. तिसऱ्या वर्षापासून खरे पेशंट आणि कोटा. एवढ्या फिलिंग, एवढे दात काढलेले, एवढ्या कवळ्या झाल्याच पाहिजेत, आणि ज्याचा कोटा राहिलाय तो खुर्ची मिळेल तशी, स्टूल मोडकं असेल तर उभ्यानं, वाकड्यानं, कसंही करून काम उरकतो. शरीर तेव्हा विशीतलं असतं, सगळं माफ करतं.

पूर्वीचे डेंटिस्ट उभ्यानंच काम करायचे. पेशंट खुर्चीत ताठ बसलेला आणि डॉक्टर एका पायावर भार देऊन शेजारी वाकलेला. पूर्ण आडवी होणारी खुर्ची अमेरिकेत आली १९५८ मध्ये, मग डॉक्टर हळूहळू स्टुलावर बसले. आता पाठीची पीडा संपली असं वाटलं असणार. संपली कुठली? पाय सुटले आणि मान अडकली. बसल्यावर माणूस हलतच नाही ना. डोक्यावर कळशी घेऊन विहिरीवरून घरी येणं जमतं, पण तीच कळशी घेऊन अर्धा तास एका जागी पुतळ्यासारखं उभं राहा म्हणलं तर मान तुटायची वेळ येते. स्नायू हलला की त्यात रक्त खेळतं, एकसारखा ताणून धरला की त्याचं रक्तच कमी होतं. आमचं सगळं काम असं धरून ठेवण्याचं.

मोबाईलवाल्यांसाठी एक हिशोब फिरत असतो, तुम्हीही बघितला असेल. केनेथ हंसराज म्हणून न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन आहेत, त्यांनी २०१४ मध्ये मांडला. डोकं सरळ असताना मानेवर साडेचार-पाच किलो, १५ अंश वाकलं की १२ किलो आणि ६० अंशाला २७ किलो. तो कॉम्प्युटरच्या मॉडेलवरचा हिशोब आहे, जिवंत मानेवर वजनकाटा लावून काढलेला नाही, त्यामुळं मी त्याला देवाचं वाक्य मानत नाही. तरी २७ किलो म्हणजे सोयाबीनच्या पन्नास किलोच्या कट्ट्याच्या अर्ध्याहून जास्त, आणि एमबी-टू शोधताना मी तो किती वेळ धरून बसत असेन याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

एमबी-टू सांगायचं राहिलं. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं, पण नळ्या बऱ्याचदा चार. चौथी नळी गालाकडच्या पुढच्या मुळात लपलेली असते, तिचं तोंड म्हणजे एक ठिपका, तोही दिसला तर. ती सुटली की दाढ परत दुखते आणि पेशंट गावभर सांगतो की बाईनं पैसे घेतले अन दाढ हाय तशीच. म्हणून ती शोधायची. आरशात बघून शोधायची असते, नियम तोच. पण आरशावर पेशंटच्या श्वासाची वाफ बसते, एअरोटरचं, म्हणजे दात कोरायच्या मशीनचं, पाणी उडतं, ताईंनी हवा मारायची, पुसायचं, परत धुकं. मग कंटाळून आरसा बाजूला ठेवायचा आणि आपणच वाकून थेट आत बघायचं. दोन मिनिटांसाठी. त्या दोन मिनिटांची चाळीस कधी होतात ते घड्याळाला माहीत.

त्यात आमच्याकडचे पेशंट. गुटखाबंदी २०१२ ची आहे, आणि पुडी कुठं मिळते हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पंचविशीतला जवान, अंगानं पैलवान, खुर्चीत बसतो, तोंड उघडा म्हणलं तर दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. एरवी माणसाची स्वतःची तीन बोटं उभी जातात. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, हात लावला तर दोऱ्यासारखे पट्टे लागतात, पुढं त्यात कॅन्सरची भीती, हे सगळं मी त्याला फोटो दाखवून सांगते आणि तो मान डोलावतो आणि जाताना खालच्या टपरीवर थांबतो, खिडकीतून दिसतं मला. तर अशा तोंडात शेवटच्या दाढेपर्यंत मशीन न्यायची, उजेड न्यायचा आणि नजरही न्यायची. पेशंटचं तोंड जेवढं कमी उघडतं तेवढी डॉक्टरची मान जास्त वाकते, हे सूत्र कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही पण अगदी पक्कं आहे.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळंच. "आडवं नगं ओ पाडू, जीव घाबरतोय." काहींना खरंच दम लागतो, काहींच्या पाठीला बाक आलेला असतो, ते आडवे होऊच शकत नाहीत. मग आजी ताठ आणि मी वाकलेली. आणि मधेच लाईट गेली तर विचारूच नका. इन्व्हर्टरवर दिवा आणि मशीन चालतं, खुर्चीची मोटर माझ्याकडं इन्व्हर्टरवर नव्हती, म्हणजे लाईट जाताना खुर्ची ज्या उंचीला असेल त्याच उंचीला राहणार आणि जमवून कुणी घ्यायचं, तर मी.

पाठीचं खातं मात्र २०१६ ला उघडलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर, टीव्हीवाले स्टेशनावर ठाण मांडून बसले होते. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लागलं होतं, भांडणं व्हायची म्हणून. दातांचा दवाखाना पाण्याशिवाय चालतच नाही, मशीनला पाणी, स्केलिंगला पाणी, चूळ भरायला पाणी, हत्यारं धुवायला पाणी. माझं क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बावीस पायऱ्या. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो आणि वर प्लॅस्टिकचं वजन. जारवाला पोरगा खाली ठेवून पळायचा, त्याला तरी काय म्हणायचं, शहरभर तेच चाललेलं. मिस्टर सकाळी शाळेवर गेलेले असायचे. मी आणि ताई मिळून जार चढवायचो, आणि मे महिन्यात एका सकाळी अकराव्या पायरीवर कमरेत असं काही कट्टकन झालं की मी जारला मिठी मारून तिथंच बसले. पेशंट वर वाट बघतोय आणि मी जिन्यात. त्या उन्हाळ्यात पेशंटला चूळ भरायला अर्धा ग्लास पाणी द्यायचे आणि एकानंही त्यावरून कुरकुर केली नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे.

हे सगळं मी कुणाला सांगत का नव्हते? एक तर लाज. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका माझ्याकडं दसऱ्याच्या आसपास येतात. कारखान्याला जायच्या आधी दुखरी दाढ काढून टाकायची असते, रूट कॅनाल सांगून उपयोग नाही, पुढच्या सिटिंगला त्या कर्नाटकात नाहीतर कोल्हापूर-सांगलीकडं असणार. मजुरीच्या हिशोबात नवराबायको मिळून एक कोयता, आणि पाचसहा महिने तिथंच पाचटात. अशीच एक बाई आलेली, चाळिशीची असेल, साठीची दिसत होती. दाढ काढून झाली, मी कापूस ठेवला आणि सवयीनं मान धरून एक झटका दिला. तिनं ते बघितलं. दातात कापूस धरून बोबडंच बोलली, "तुमची बी मान धरलीय व्हय?" मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. ही डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणार आणि मी एसीत बसून हिच्यापुढं मान चोळतेय. म्हणलं, "नाही हो, उगं जराशी अवघडली." तर ती म्हणली, "आमचं बरंय बाई. मोळी टाकली की डोकं हलकं होतंय. तुमी कवा टाकता?"

मी हसून चिठ्ठी लिहिली. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, आज गरम खायचं नाही. ती गेल्यावर बराच वेळ ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. फिजिओथेरपीची पुस्तकं जे पानभर समजावतात ते तिनं कापूस तोंडात धरून सांगितलं. तिचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं आहे, शंभर पटीनं आहे, त्यात वाद नाही. पण म्हणून माझं दुखणं खोटं ठरत नाही, एवढं मान्य करायला मला फाईल पडेपर्यंत थांबावं लागलं.

दुसरं कारण धंद्याचं. एक खुर्ची, एक डॉक्टर. मी बसले की गल्ला बसला. खुर्चीचे हप्ते, भाडं, ताईंचा पगार हे काही माझ्या मानेला विचारून येत नाहीत. आणि गावात एकदा बोललं गेलं ना, की बाईच्या हाताला मुंग्या येतात म्हणे, की संपलं. सर्जनच्या हाताबद्दलची बातमी रिक्षापेक्षा जोरात पळते. म्हणून एमआरआयसुद्धा मी लातुरात काढला नाही, सोलापूरला जाऊन काढला, तोंडाला स्कार्फ बांधून, जसं काही चोरी करायला निघालेय.

रिपोर्टात लिहिलेलं की मानेचा नैसर्गिक बाक गेलाय, मणका काठीसारखा सरळ झालाय आणि सी-५ सी-६, म्हणजे मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधली गादी मागं आलीय, उजव्या बाजूला नस दाबतेय. सी-६ ची नस कुठं जाते, तर अंगठा आणि पहिल्या बोटाला. कॉलेजात पाठ केलेलं, परीक्षेत लिहिलेलं, मार्कही मिळालेले. स्वतःच्या हातावर उमटलं तेव्हा मी भुलीचं इंजेक्शन शोधत होते! त्या रात्रींत एक गंमत सापडली होती, उजवा हात डोक्यावर ठेवून झोपलं की कळ कमी व्हायची. घरात सगळे हसायचे, आई नाचतेय म्हणायचे. रिपोर्ट दाखवायला गेले त्या डॉक्टरांनी विचारलंच, "हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं का?" म्हणलं तुम्हाला कसं कळलं. म्हणले, नस दबलेले बरेच जण असंच झोपतात, हात वर गेला की नसेवरचा ताण उतरतो.

मी रडले थोडी. तिथंच, खुर्चीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की ज्यांचं काहीच दुखत नाही अशा माणसांचे एमआरआय काढले तरी गादी सरकलेली बऱ्याच जणांत दिसते, फिल्म बघून घाबरू नका, हात बघू. हाताची ताकद होती. असं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं, म्हणले. पण हाताची ताकद जाऊन वस्तू सुटायला लागल्या, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी यायचं, उद्या नाही.

मग फिजिओ. आमच्याच शहरातली, माझ्या मुलीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. मी तिच्यापुढं एमआरआयचं पाकीट ठेवलं तर तिनं उघडलंसुद्धा नाही. म्हणली, "मॅडम, तुम्ही काम करतानाचा एक व्हिडिओ काढून आणा. पूर्ण सिटिंगचा." पेशंटला विचारून कोपऱ्यात औषधांच्या कपाटावर मोबाईल लावला आणि चाळीस मिनिटं रेकॉर्ड केली. रात्री जेवणं झाल्यावर मी तो एकटीनं बघितला.

स्वतःला पाठीमागून कधी बघितलंय का तुम्ही? मी ओळखलंच नाही मला. वाटलं आपली आई बसलीय, चुलीपुढं फुंकणी घेऊन. तसाच पाठीचा पोक, तशीच एका बाजूला झुकलेली मान, तसाच एक कोपर पंखासारखा वर. आणि माझ्यापुढं पेशंट कसा? राजासारखा. सरळ, छताकडं तोंड करून, हात पोटावर, इंचभर हलला नाही. मी त्याच्याभोवती फिरतेय, उजवीकडून वाकतेय, डोक्यामागून वाकतेय, एकदा तर अर्धी उठून त्याच्या तोंडावरून पलीकडं वाकले. चाळीस मिनिटांत मी त्याला तीनच वाक्यं बोलले. "मोठं उघडा", "थुंका" आणि "दुखतंय का?"

दुसऱ्या दिवशी फिजिओनं व्हिडिओ मधेच थांबवून विचारलं, "इथं तुम्ही त्यांना मान वळवायला का नाही सांगितलं? डोकं थोडं डावीकडं वळलं असतं, हनुवटी जरा वर गेली असती, तर तुम्हाला सरळ बसून दिसलं असतं." मी म्हणलं, "त्यांना त्रास नको ना." ती म्हणली, "मान वळवायचा कसला त्रास? त्यांची मान चांगली आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. घरात पंगतीला शेवटी बसणारी, प्रवासात खिडकी दुसऱ्याला देणारी, "माझं काय, मी घेते जमवून" म्हणणारी बाई मी, क्लिनिकातही तेच केलं एवढंच. पण मग माझ्या ओळखीच्या पुरुष डेंटिस्टांच्याही माना धरलेल्याच आहेत, त्यामुळं सगळंच बाईपणावर ढकलता यायचं नाही. आम्हाला दात दिसला की माणूस दिसत नाही, बहुतेक हे जास्त खरं असेल. त्या दाताला एक डोकं आहे आणि ते डोकं फिरतं, हे विसरतोच आम्ही.

व्यायाम दिले तिनं, अगदी साधे. हनुवटी मागं ओढायची, जशी डबल चिन काढतोय. भिंतीला पाठ लावून हात वरखाली. खांद्याची पाती मागं आवळायची. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली घेऊन उताणं पडायचं. प्रत्येक पेशंटनंतर दोन मिनिटं उठून उलट्या दिशेला ताणायचं, पुढं वाकलीस तर मागं वाक. पहिले पंधरा दिवस मला हे सगळं फुकटचं वाटलं, एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढुसे व्यायाम! येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात गेलो, सगळा लातूर जिल्हा त्या दिवशी शेतातच असतो, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कडब्याच्या कोपीपाशी पूजा झाली, भज्जी-उंडे आणि आंबील पोटभर झाली, आणि मी बांधावरच्या आंब्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन पडले. दोन मिनिटांत चुलतसासूबाई धावत आल्या, मागून दीर फोडलेला कांदा घेऊन. त्यांना वाटलं चक्कर आली. धाकट्या जावेनं तोवर पाणीसुद्धा मारलं तोंडावर. व्यायाम चाललाय म्हणलं तर दीर म्हणाले, "वैनी, शेतात येऊन झोपण्याला आता व्यायाम म्हणतेत व्हय?"

चार महिने लागले. अंगठा आधी सुटला. पहिल्या बोटाचं टोक अजून थंडीत जरा जाड जाड लागतं, पण दहा नंबरची फाईल कळते.

आणि वळा म्हणायला शिकले. पहिल्यांदा म्हणलं ते मोंढ्यातल्या एका आडत्याला, भला मोठा माणूस, सफारी, बोटात चार अंगठ्या. घसा खाकरून म्हणलं, "मालक, जरा इकडं वळा." तो वळला. "हनुवटी वर घ्या." घेतली. खालची दाढ असताना म्हणलं, "आता थोडी खाली." केली. झालं की! मी स्टुलावर सरळ बसलेली आणि दाढ समोर, उजेडात, जसं काही ताटात वाढलीय. मला हसूच आलं, मास्कमुळं दिसलं नाही. आता तर ताईच पेशंटला बसवताना सांगून ठेवतात, बाई म्हणतील तशी मान फिरवायची बरं का, देवीच्या देव्हाऱ्यावानी ताठ बसायचं नाही. ज्या आजींना आडवं होता येत नाही त्यांच्यासाठी मी उभी राहते, मधे थांबते, दोन सिटिंग करते. आणि खुर्चीची मोटर इन्व्हर्टरवर घेतली, किती साधी गोष्ट, इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करून गेला.

भिंगाचा चष्मा, म्हणजे लूप, त्याचीही एक फजिती आहे. पहिला ऑनलाईन मागवलेला, स्वस्तातला. त्याचं अंतर ३४ सेंटीमीटरचं निघालं आणि सरळ बसल्यावर माझ्या डोळ्यापासून पेशंटचं तोंड पडतं ४२ वर. मग काय, दात स्पष्ट दिसायला मी अजूनच खाली. मान वाचवायला घेतलेल्या चष्म्यानं मान आठ सेंटीमीटर आणखी वाकवली! नाव न घेता सांगते, अंतर मोजल्याशिवाय आणि भिंग खाली किती झुकलंय ते बघितल्याशिवाय घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणू दे. मागच्या दिवाळीत मात्र हिंमत करून प्रिझमवाला घेतला. त्यात तुम्ही समोर बघता आणि प्रिझम नजर खाली वळवतं. मान सरळ, डोळे सरळ, आणि दिसतं खालच्या तोंडातलं. किंमत घरात मी खरी सांगितलेली नाही.

पहिले दोन आठवडे हात कुठं आणि डोळे कुठं, डोकं गरगरायचं. मग बसलं. आणि एक नवीनच गोष्ट घडायला लागली. कामाच्या मधे चष्म्यावरून नजर वर गेली की मला समोरची भिंत दिसते. बावीस वर्षांत ती भिंत मी कामाच्या वेळी कधी बघितलीच नव्हती. रंगाचे पोपडे निघालेत, पावसाळ्यात ओल येऊन एक डाग पडलाय, ट्यूबच्या मागं पालीनं संसार थाटलाय, आणि घड्याळ सात मिनिटं मागं आहे. किती वर्षं मागं आहे देव जाणे.

गेल्या आठवड्यात रेणापूरकडचे एक आजोबा आले, खालची दाढ किडलेली, फिलिंगचं काम. मी चष्मा लावला, सरळ बसले, मशीन सुरू केली. आजोबांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं, मग मी बघतेय तिकडं भिंतीकडं बघितलं, परत माझ्याकडं. हात वर करून मला थांबवलं.

"डाक्टरीनबाई, भिताडाकडं काय बघायलाव? दाढ हिकडं हाय की."

ताई तोंडाला पदर लावून बाहेरच पळाल्या. मी म्हणलं, "दिसतीय हो आजोबा मला, सगळी दिसतीय. उघडा तोंड. आणि जरा इकडं वळा."